मंडळीचा सेवक कसा असावा?

शाळेचे नवे वर्ष सुरू झाले म्हणजे प्रत्येक वर्गात मॉनिटर निवडण्याची एकच धांदल उडते. त्या दिवशी कोणाचे नाव पुढे येते, हे आम्ही पुष्कळ वर्षे कौतुकाने पाहत आलो आहो. ज्याचा आवाज मोठा, जो खेळात पटाईत, ज्यास चारचौघांत उभे राहून भाषण करिता येते, त्याचे नाव मुले प्रथम घेतात. पुढे दोन-तीन महिने लोटले म्हणजे मात्र हजेरीची वही, खडूचा डबा आणि सहलीची वर्गणी सांभाळण्यास निराळ्याच प्रकारचा मुलगा पाहिजे होता, हे त्यांचे त्यांसच कळून येते. मोठ्या माणसांच्या संस्थांत याहून फारसे वेगळे घडते असे नाही. भेद इतकाच की, तेथे चुकीची किंमत अधिक द्यावी लागते.

प्रस्तुत लेखात ख्रिस्ती मंडळीची सेवा करू इच्छिणाऱ्या माणसाच्या अंगी कोणते गुण असावेत, ह्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. आमच्या वाचकांत अनेक धर्मांच्या कुटुंबांतील विद्यार्थी व पालक आहेत. त्यांपैकी कोणी म्हणेल की, हा विषय आमचा नव्हे. परंतु ज्या कसोट्या येथे सांगावयाच्या आहेत, त्या देवस्थानच्या पंचास, पतपेढीच्या चिटणीसास आणि गावच्या सरपंचासही तितक्याच लागू पडतात. म्हणून त्यांनीही हा लेख शेवटपर्यंत वाचावा, अशी आमची विनंती आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करू. मंडळी म्हणजे दगडविटांचे देऊळ नव्हे, तर उपासनेसाठी व परस्परांच्या साहाय्यासाठी एकत्र येणारी माणसे. ह्या मंडळीची व्यवस्था पाहणाऱ्यांस नव्या करारात मुख्यतः तीन नावे आढळतात. मूळ ग्रीक भाषेतील एका शब्दाचा अर्थ देखरेख करणारा. मराठी शास्त्रात त्यास ‘अध्यक्ष’ म्हटले आहे आणि ‘बिशप’ हा शब्द त्यातूनच निघाला. दुसऱ्याचा अर्थ ‘वडील’. तिसऱ्याचा अर्थ सेवा करणारा, पंक्तीत वाढणारासुद्धा. त्यास मराठीत ‘सेवक’ म्हणतात व इंग्रजीतून आलेला ‘डीकन’ हा शब्द त्याच मुळाचा. पुढे निरनिराळ्या पंथांत निरनिराळ्या पद्धती पडल्या. कोठे बिशपाचा अधिकार मानितात, कोठे वडिलांची पंचायत कारभार पाहते, तर कोठे प्रत्येक मंडळी आपला पाळक आपणच निवडते. तारीख 29 नोव्हेंबर 1970 रोजी आपल्या नागपूर शहरी सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही संयुक्त मंडळी स्थापन झाली, तेव्हा ह्या भिन्न पद्धतींची सांगड घालावी लागली. पद्धती कितीही भिन्न असोत, नेमावयाचा माणूस कसा असावा, ह्याविषयी मात्र सर्वांचा आधार एकच आहे. तो म्हणजे पौलाच्या नावाने असलेली दोन लहान पत्रे: एक इफिस शहरी राहिलेल्या तीमथ्यास लिहिलेले पहिले पत्र, आणि दुसरे क्रेत बेटावर ठेविलेल्या तीतास लिहिलेले.

तीमथ्याच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्षाच्या अंगी असावयाचे जे गुण सांगितले आहेत, ते मोजिले असता सुमारे पंधरा भरतात. त्याच्याकडे बोट दाखविण्यास कोणास जागा नसावी. तो एकपत्नीव्रती, संयमी, विचारी व सभ्य असावा. पाहुण्यास दार उघडणारा असावा. त्यास शिकविता यावे. तो मद्याच्या आहारी गेलेला, हात उगारणारा, भांडखोर किंवा पैशाचा लोभी नसावा, तर सौम्य असावा. त्याने आपले घर नीट चालविलेले असावे. तो विश्वासात नुकताच आलेला नसावा. आणि बाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे. ही यादी लक्षपूर्वक वाचणारास एक गोष्ट चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही. ह्या पंधरांपैकी ज्यास कला अगर कौशल्य म्हणता येईल अशी गोष्ट एकच, ती म्हणजे शिकविण्याची हातोटी. बाकीचे सर्व चारित्र्याचे गुण आहेत. वक्तृत्व, कुळ, संपत्ती, मोठमोठ्यांच्या ओळखी, ह्यांचे तेथे नावही नाही. आणखी असे की, हे गुण काही थोर साधुसंतांचेच नव्हेत. ते कोणाही भल्या गृहस्थाच्या घरी दिसावेत इतके साधे आहेत. ते व्यासपीठावर दिसत नाहीत. स्वयंपाकघरात, दुकानात, पैशाच्या पेटीजवळ आणि रागाच्या क्षणी दिसतात. ह्याच कसोट्यांचा आपण क्रमाने विचार करू.

पहिली कसोटी घराची. ज्यास आपले घर चालविता येत नाही, तो देवाच्या घराची काळजी कशी वाहील, असा पत्रकर्त्याचा रोकडा प्रश्न आहे. आपल्याकडे ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आहे. तिचाच हा दुसरा बोल होय. घर चालविणे म्हणजे घरच्यांस धाकात ठेवणे नव्हे. जो बाहेर गोड बोलतो आणि घरी आल्यावर ज्याच्या पावलांच्या आवाजाने मुले चूप होतात, त्याने घर चालविले नाही. ते केवळ दडपून ठेविले. ह्या बाबतीत मराठी ख्रिस्ती समाजास एक अपूर्व साक्ष लाभली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचे कवी व धर्मोपदेशक म्हणून मोठे नाव. परंतु ते घरी कसे होते, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मचरित्रात लिहून ठेविले आहे. ह्या ग्रंथाचा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला. टिळकांचा तापट स्वभाव, त्यांचा विसराळूपणा, हाती आलेला पैसा दुसऱ्यास देऊन टाकण्याची त्यांची खोड, ह्यांपैकी काहीही बाईंनी झाकले नाही. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पतिपत्नींची ताटातूट झाली व तिचे दुःख दोघांनीही भोगिले. पुढे त्या पतीकडे परत आल्या, तरी त्यांच्या धर्ममतावर टिळकांनी जबरदस्ती केली नाही. त्या स्वतःच्या विचाराने 1900 साली ख्रिस्ती झाल्या. निराश्रितांस ह्या घराचे दार कसे उघडे असे, हेही त्यांनीच सांगितले आहे. दोष व गुण दोन्ही उघड केल्यावरही वाचकाच्या मनात टिळकांविषयी आदर उरतो, ह्यातच त्यांच्या चारित्र्याचा कस आहे. आपल्या घरच्या माणसाने आपल्याविषयी सर्व खरे लिहिले, तर आपण त्यातून कितपत तरून जाऊ? मंडळीचे काम हाती घेण्यापूर्वी हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

दुसरी कसोटी पैशाची. ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी ज्याने त्यास धरून दिले, त्या यहूदाकडेच पैशाची थैली असे, हे आमच्या वाचकांनी ऐकिले असेल. पौलाने ह्या बाबतीत फार सावधगिरी बाळगिली. यरुशलेमेतील गरिबांसाठी जी वर्गणी गोळा झाली, ती त्याने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली आणि त्याचे कारणही स्पष्ट सांगितले. आपला हेतू देवापुढे शुद्ध आहे एवढ्याने त्याचे समाधान नव्हते. माणसांच्या दृष्टीनेही व्यवहार निर्मळ दिसला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

येथे आमच्या परिचयाच्या एका लहानशा मंडळीत पुष्कळ वर्षांपूर्वी घडलेली हकीकत सांगणे अस्थानी होणार नाही. तेथील खजिनदार वयाने वडील व सर्वांच्या विश्वासातले होते. मुलीच्या लग्नाच्या वेळी त्यांस पैसे कमी पडले, तेव्हा सुगी होताच परत करू, अशा हेतूने त्यांनी गरीबफंडातील रक्कम उचलली. वहीत नोंद केली नाही. पाळकांस ही गोष्ट ठाऊक होती. परंतु मित्राचा मान राखावा म्हणून ते गप्प राहिले. त्या वर्षी पाऊस पडला नाही आणि सुगीही झाली नाही. पुढे एका विधवेचा मुलगा आजारी पडून त्यास तालुक्याच्या गावी नेण्याची पाळी आली. पेटी उघडली, तो तीत बैलगाडीच्या भाड्यापुरतेही पैसे नव्हते. बाईने सावकाराकडून कर्ज काढिले. मुलगा बरा झाला. कर्ज मात्र अनेक वर्षे फिटले नाही.

पुढल्या रविवारी पाळकांनी उपदेश केला नाही. ते मंडळीपुढे उभे राहिले आणि म्हणाले की, पैसे घेणाऱ्याचा दोष जितका, तितकाच माहीत असून मुकाट्याने बसणाऱ्याचा आहे, व अर्धी रक्कम मी माझ्या पगारातून भरीन. तेव्हा खजिनदारही उठून उभे राहिले व त्यांनी सर्व कबूल केले. दोन वर्षांत पै न् पै भरली गेली. परंतु मंडळीच्या दानात जी खोट आली, ती लवकर भरून निघाली नाही. एक म्हातारी बाई रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ते दर रविवारी देवळात आणीत असे. ती पुढेही आणीत राहिली, मात्र “आज मोजावयास कोण बसले आहे?” असे विचारल्यावाचून ती आपली पिशवी रिकामी करीत नसे. तिला दोष देण्यास कोणाची जीभ वळली नाही. त्या दिवसापासून तेथे दोघांनी मिळून दान मोजावे, दोघांनी सही करावी आणि आकडा मंडळीस वाचून दाखवावा, असा नियम झाला. तो नियम म्हणजे अविश्वास नव्हे. प्रामाणिक माणसाचे ते कुंपण आहे.

हिशेबाचे काम हलके आणि उपदेशाचे काम थोर, असाही एक गैरसमज आढळतो. पहिल्या मंडळीचा इतिहास त्याच्या उलट आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे की, यरुशलेमेत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची हेळसांड होते, अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी ही तक्रार क्षुल्लक मानिली नाही. त्यांनी लोकांसच सात माणसे निवडण्यास सांगितले व तीन अटी घातल्या: माणूस नावाजलेला असावा, पवित्र आत्म्याने भरलेला असावा आणि शहाणा असावा. अन्न वाटण्यासाठी एवढ्या मोठ्या अटी! निवडलेल्या साताही जणांची नावे ग्रीक आहेत, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्यांवर अन्याय होत होता, त्यांच्यातीलच माणसे कामावर आली असावीत, असे त्यावरून अनुमान निघते. त्या सातांपैकी स्तेफन पुढे विश्वासासाठी दगडांचा मारा सोसून मेला. पंक्तीत न्यायाने वाढणारा हात आणि मरणापुढे न डगमगणारे मन, ही एकाच माणसाच्या ठायी होती.

तिसरी कसोटी जिभेची व रागाची. सेवक दुतोंडी नसावा, असे त्या पत्रात सांगितले आहे. पाळकाकडे व वडिलांकडे लोक आपली घरची दुखणी घेऊन येतात. सासूचे गाऱ्हाणे ऐकून सुनेस एक सांगावयाचे, सुनेचे ऐकून सासूस दुसरेच सांगावयाचे, आणि दोघींच्या गोष्टी तिसऱ्या घरी चहाबरोबर वाटावयाच्या, अशी ज्याची रीत, त्याच्या हाती मंडळीची शांती कशी टिकणार? तसेच रागाचे आहे. सौम्यता म्हणजे भित्रेपणा नव्हे. वर सांगितलेल्या पाळकांनी मित्राचे पाप झाकिले तेव्हा ते सौम्य नव्हते, दुबळे होते. ज्या दिवशी स्वतःचा दोष आधी सांगून त्यांनी खरे बोलून दाखविले, त्या दिवशी ते सौम्यही झाले व शूरही झाले.

चौथी कसोटी काळाची. नवशिक्यास एकदम मोठ्या जागी बसवू नये, कारण त्याच्या डोक्यात वारे शिरते. आणि सेवकांची आधी परीक्षा व्हावी व मग त्यांनी सेवा करावी, असा नियम आहे. ‘पी हळद अन् हो गोरी’ हा न्याय येथे चालत नाही. परंतु ह्याचा अर्थ तरुणांस वाव नाही असा कोणी करू नये. ज्यास हे पत्र लिहिले तो तीमथ्यच वयाने लहान होता. तारुण्यामुळे तुला कोणी तुच्छ लेखू नये, ह्यासाठी भाषण, वर्तन, प्रीती, विश्वास व शुद्धता ह्यांत इतरांस कित्ता घालून दे, असा त्यास उपदेश आहे. तेव्हा प्रश्न वयाचा नसून पारखलेपणाचा आहे.

पाचवी कसोटी बाहेरच्यांच्या मताची. मंडळीतील लोक आपल्या माणसाचे दोष कधी ममतेने, कधी भिडेने झाकतात. म्हणून शेजारी, दुकानदार, कचेरीतील सोबती त्याजविषयी काय म्हणतात, हेही पाहावे, असे त्या यादीच्या शेवटी सांगितले आहे. वाण्याची उधारी बुडवून देवळात पुढल्या बाकावर बसणारा मनुष्य केवळ स्वतःची अब्रू घालवीत नाही; ज्या नावाने तो ओळखला जातो, त्या नावासही काळिमा लावितो.

आता ह्या सर्व गुणांचे मूळ कशात आहे, ते पाहू. शेवटच्या भोजनाच्या रात्री ख्रिस्ताने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. तेव्हाच्या रीतीप्रमाणे ते काम घरच्या गुलामाचे होते. अधिकार म्हणजे सेवा, ही गोष्ट त्याने शब्दांनी सांगण्याआधी हातांनी करून दाखविली. ‘पाळक’ हे नावही मेंढपाळाच्या धंद्यावरून आले आहे. आपल्या दख्खनच्या माळावर धनगर कसा चालतो, हे आमच्या वाचकांनी पाहिले असेल. तो मेंढरांबरोबर पायी चालतो, त्यांच्याच धुळीत आणि उन्हात; लंगडे कोकरू तो खांद्यावर घेतो. उंटावरून शेळ्या हाकणारा मनुष्य दुसरे काहीही असो, तो पाळक नव्हे.

अशा सेवेचे एक ठळक उदाहरण आपल्या देशाच्या इतिहासात आहे. वेदनायगम सॅम्युएल अझरय्या ह्यांचा जन्म 1874 साली तमिळ मुलुखातील तिरुनेलवेली प्रांतात एका खेड्यातील पाळकाच्या घरी झाला. 1903 साली तेथील भारतीय ख्रिस्ती लोकांनी आपल्याच पैशाने व आपल्याच माणसांकडून काम चालविण्याकरिता एक मिशनरी संस्था काढिली, तीत त्यांचा पुढाकार होता. आणि पुढे ते स्वतःच तेलुगू मुलुखातील डोर्नकल येथे काम करण्यास गेले. परकी भाषा शिकून, ज्यांस समाजाने अस्पृश्य म्हणून दूर लोटिले होते, अशा गोरगरिबांत त्यांनी आपले आयुष्य घातले. 1910 साली एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी युरोपियन मिशनऱ्यांस निर्भीडपणे, परंतु कटुता न आणिता सांगितले की, तुमचा त्याग आम्ही जाणतो, तथापि आम्हास तुमच्या कृपेपेक्षा तुमची मैत्री हवी आहे. तारीख 29 डिसेंबर 1912 रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्यांस बिशपाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन मंडळीचे ते पहिले भारतीय बिशप होत. 1 जानेवारी 1945 रोजी डोर्नकल येथेच त्यांचा अंत झाला. बत्तीस वर्षे एकाच जागी, त्याच खेडुतांत! मोठ्या सभेत सत्य बोलण्याचे धैर्य आणि लहान खेड्यात टिकून राहण्याची चिकाटी, ह्या दोहोंची जोड क्वचित आढळते. ह्यांपैकी दुसरी अधिक दुर्मीळ, असे आम्हास वाटते.

इतके सर्व वाचून कोणी म्हणेल, असा निर्दोष मनुष्य आणावा कोठून? प्रश्न रास्त आहे. पेत्राने एका रात्रीत आपल्या गुरूस तीन वेळा नाकारिले होते, तरीही त्याच्याच हाती मेंढरे सोपविण्यात आली. तेव्हा ज्याचे पाऊल कधी घसरले नाही, तोच योग्य, असा ह्याचा अर्थ नव्हे. जो घसरल्यावर ते लपवीत नाही, रडतो, भरपाई करितो आणि पुन्हा उठून वाटेस लागतो, तोही योग्य होय. मात्र लपविणारा योग्य नव्हे, मग त्याची वाणी अमृतासारखी का असेना.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या पाळक होईल, कोणी वडील, कोणी खजिनदार. आणि पुष्कळ जण दुसऱ्या धर्माच्या वा दुसऱ्या क्षेत्रातील संस्थांचा भार वाहतील. त्या दिवशी हे गुण कोठून उसने आणिता येणार नाहीत. सहलीची उरलेली वर्गणी परत करणे, मित्राने विश्वासाने सांगितलेली गोष्ट पोटात ठेवणे, वर्गातील ज्या मुलाशी कोणी बोलत नाही त्यास आपल्या बाकावर जागा देणे, आणि चूक झाली असता ‘ती मी केली’ असे म्हणणे, ही त्या अभ्यासाची पहिली इयत्ता आहे.

आणि पालकांस एकच गोष्ट सांगून हा लेख पुरा करितो. तीमथ्याच्या ठायी जो निष्कपट विश्वास होता, तो कोठून आला हे सांगताना पत्रकर्ता दोन नावे घेतो: त्याची आजी लोईस आणि त्याची आई युनीके. मोठमोठ्या गुरूंच्या आधी त्यास ह्या दोघींनी घडविले. दुकानातून चुकून जास्त आलेली नोट परत देण्यास आपण मुलाला धाडितो, तेव्हा ती नोट वाण्याच्या पेटीत पडते. परंतु त्यापासून मुलास जे मिळते, ते त्याजकडे जन्मभर राहते.